दोषाची वाटणी

आमच्या चष्म्याच्या दुकानात दोन प्रकारची माणसं आहेत. बाहेर बसून गोड बोलणारी आणि आत बसून काचा घासणारी. मी बाहेरची. डोळे तपासते आणि नंबर कितीही वाढलेला असला तरी "फारसा नाही हं" म्हणते. ती आतली. तिला सगळे काचवाली म्हणतात. काच फ्रेमच्या मापात कापायची, कड घासायची आणि खाचेत बसवायची, हे तिचं काम. तिने केलेला चष्मा कधी परत येत नसे.

मग एकाएकी काचा फुटायला लागल्या. नीट बसलेली काच ती पुन्हा काढून बघायची, पुन्हा बसवायची, आणि त्या काढाघालीत कडेचा टवका उडायचा. टवका उडाला की रडायची. मालकांनी मला बाजूला घेतलं. "हिचं काय ते तुम्ही बघा, नाहीतर मला बघावं लागेल." तिची नोकरी जायची वेळ आली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी तिला धरून बसवलं आणि बोलती केली.

तिचे बाबा आजारी होते. एका दुपारी ती त्यांच्या गोळ्या आणायला खाली गेली. औषधाच्या दुकानापाशी शाळेतली मैत्रीण भेटली. दोघी हसत-बोलत उभ्या राहिल्या. घरी आली तर बाबा बाथरूममध्ये पडलेले, डोक्याला मार. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली, पण तेव्हापासून ही बाई रस्त्यात कुणाशी दोन शब्द बोलायला थांबलेली नाही. मी रेंगाळले की घरात कुणीतरी मरतं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आता आईलाही चक्कर यायला लागली होती, आणि इकडे काचा फुटत होत्या.

डॉक्टरांनी तिला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. सीबीटी म्हणतात त्या उपचाराला. मला आधी हसूच आलं. नुसत्या बोलण्याने माणसं बरी होत असती तर आमच्या दुकानात औषधालाही दुःखी माणूस सापडला नसता. पण या बाई तिला कामाला लावायच्या. विचार मनात आला म्हणून तो खरा ठरत नाही, तपासून बघा, म्हणायच्या. पहिला अभ्यास असा की, कामावरून सुटल्यावर वाटेत मुद्दाम थांबायचं, गप्पा मारायच्या आणि मग घरी जाऊन बघायचं, कोण मेलंय. पहिल्या दिवशी तिने मलाच थांबवलं. मी आमच्या बिघडलेल्या पंख्याचं पुराण लावलं आणि समोर हिला दरदरून घाम फुटलेला. घरी सगळे ठणठणीत होते. तिच्या वहिनीने तेवढं "उशीर का केलास?" म्हणून तोंड वाकडं केलं. करता करता घाम कमी झाला. काचाही फुटायच्या थांबल्या.

मग दुसरा अभ्यास आला. बाईंनी कागदावर एक गोल काढला. बाबा गेले त्याचा सगळा दोष म्हणजे हा गोल. आता ज्याचा त्याला वाटून द्या, आणि स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. गुंगी आणणारं औषध देणारे डॉक्टर. काठी हातात न धरणारे बाबा. फरशी कायम ओली ठेवणारा गळका नळ. आधाराची दांडी आज लावतो, उद्या लावतो म्हणणारा दादा. सगळ्यांचं देऊन झाल्यावर तिच्या वाट्याला उरली जेमतेम एक फट. हे मला सांगताना ती चक्क हसली. पण बाईंनी बजावलं होतं की मनानेच वाटे पाडू नका, त्या दिवशी घरात काय झालं ते घरच्यांना विचारा. एकटीची छाती होईना, म्हणून रविवारी मी सोबत गेले.

ती राहायची भावाच्या घरी. दादा सोफ्यावर, वहिनी चहा देत होती, आई खुर्चीत. हिने चाचरत विषय काढला. दादाने मोठ्या मनाने हात हलवला.

"अगं, अजून तेच घेऊन बसलीस? आम्ही तुला कधीच माफ केलंय."

तिने कप खाली ठेवला. "तसं नाही दादा. बाबा पडले तेव्हा तू कुठे होतास?"

"कुठे म्हणजे? इथेच. मॅच बघत होतो."

"काही ऐकू आलं नाही?"

"आलं ना. धपकन आवाज आला. मग ते हाका मारत होते." दादा अगदी सरळपणे सांगत होता. "पण तुलाच हाक मारत होते ना. तुझंच नाव घेत होते. मला वाटलं, तू असशील आत."

वहिनीचा हात किटलीवरच राहिला. त्या घराची तऱ्हाच तशी. ज्याचं नाव घ्यायचं त्याने उठायचं, आणि नाव कायम हिचंच घ्यायचं. पाणी हिने द्यायचं, दार हिने उघडायचं. दादाचं नाव कुणी कधी घेतलंच नव्हतं, मग तो कशाला उठेल? यात आपण काही कबूल करतोय, हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं.

"किती वेळ मारत होते हाका?" तिने विचारलं.

"असतील मारत थोडा वेळ. मग थांबले."

आता आई काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. आई बोलली. "जाऊ दे गं. त्याला काय माहीत? उगाच त्याच्या जिवाला घोर लावू नकोस." ज्या क्षमेसाठी लेक वर्षानुवर्षं झुरली, ती मुलाला चहा निवायच्या आत मिळाली, तीसुद्धा न मागता. माझ्या जिभेवर जे आलं ते मी चहाबरोबर गिळलं. गप्प बसल्याचा अजून स्वतःचाच राग येतो.

ती आता बरी आहे. नोकरी टिकली. झोप लागते. नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहते आणि रस्त्यात भेटली तर मलाच कंटाळा येईपर्यंत बोलते. वहिनीचा मला फोन येतो. "तुम्हीच तिला बिघडवलंत, आता आईंचं कोण करणार?" मी गोड आवाजात सांगते, दादांना हाक मारून बघा.

परवा तिला विचारलं, अजून वाटतं का की तुझ्यामुळे बाबा गेले?

"नाही ताई. ते खरंच गेलं डोक्यातून," ती म्हणाली. "आधी वाटायचं, पडले आणि लगेच गेले असतील. आता माहीत झालंय की ते वाट बघत होते."

तिने काच उजेडात धरून तपासली आणि फ्रेममध्ये बसवली.