अर्जाच्या मापाचं गाव

काकाजी कोणाचाही चेहरा मोठा राहू देत नसत. पुनर्वसनाच्या वस्तीत, अड्याळच्या रस्त्याला लागून त्यांचं टिनाचं दुकान होतं. कॉलेजचा अर्ज असो की भरतीचा, फोटो घेऊन पोरंपोरी तिथेच येत. "दोन एमबीचं तोंड घेऊन आली व तू," ते एखादीला म्हणत. "सरकारले पन्नास केबीचंच पायजे. बाकीचं घरी ठेव." ती हसायची, आणि हसता हसता अर्जात मावेल एवढी होऊन जायची.

लहान केलेला फोटो ते मूळ फोटोवरच सेव्ह करत. वेगळा का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं. "काहून ठेवू? अर्ज गेल्यावर मोठा फोटो मांगाले कोणी येते काय?" खरंच कोणी येत नसे.

गोसीखुर्द धरणाचं पाणी चढण्याआधी काकाजी आमच्या जुन्या गावात कॅमेरा घेऊन घरोघर फिरले होते. ज्याला त्याला त्याच्याच दारात उभं केलं. "हालू नका जी, आता घरच हालनार हाय," असं म्हणून त्यांनी रडणाऱ्यांनाही हसवलं. पुढे घरं पाण्याखाली गेली आणि ती दारं फक्त काकाजींच्या कॉम्प्युटरात उरली. काही वर्षांनी कॉम्प्युटर अडखळू लागला. एका दुपारी काकाजींनी रोजच्या सवयीने ते सगळे फोटो एकदम निवडले, अर्जाच्या मापाचे केले आणि त्याच नावांनी सेव्ह केले. कॅमेऱ्याचं कार्ड कधीच पुसलेलं होतं. कॉम्प्युटर भराभर चालू लागला. त्या दिवशी ते खुशीत जेवले, असं काकू सांगायच्या.

मग वस्तीतला मासे धरणारा एक म्हातारा ढिवर वारला. त्याची बायको दुकानात आली. "बुढ्याचा दारातला फोटो मोठा करून द्या जी. तेरवीले पायजे." काकाजींनी फोटो वाढवला, तसा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला. पुन्हा केला, पुन्हा तेच.

"याचे डोरे कोठी गेले जी?" तिने डोळ्यांच्या जागी बोट ठेवून विचारलं.

ती बाई उठून दारापर्यंत गेली आणि तिथून पाहत म्हणाली, "इथून दिसते. असू द्या."

त्यानंतर वस्तीत कोणी आजारी पडलं की काकाजी घरच्यांच्या आधी खचत. दोन एमबीची थट्टा बंद झाली. आता ते प्रत्येकाचा मूळ फोटो निराळा जपून ठेवत. कॉम्प्युटर पुन्हा अडखळू लागला, पोरं कंटाळून जात. "बसून राहा, वेळ लागते," एवढंच ते म्हणत.

आणि मग काकूच गेल्या. भंडाऱ्याच्या स्टुडिओत काढलेला त्यांचा एक मोठा, स्वच्छ फोटो घरात होता. तो लावू या, असं मी म्हटलं.

"त्याच्यात ते भेली हाय, घाबरून पाहते," काकाजी म्हणाले. "जुन्या गावी आपल्या दारात उभी होती ना, तो लावू."

त्यांनी तो वाढवला नाही. काडेपेटीएवढाच छापला, कोऱ्या कागदाच्या मधोमध डकवला आणि मोठ्या चौकटीत बसवला. हारही घालू दिला नाही. हाराखाली काकू पूर्ण झाकल्या गेल्या असत्या. तेरवीला आलेला प्रत्येक माणूस वाकला, काचेजवळ चेहरा नेला आणि दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभं राहण्याच्या काकूंच्या लकबीवरून त्यांना ओळखून तसाच थांबला.

काकाजी पुढे फार राहिले नाहीत. मी शेवटची भेटले तेव्हा तो फोटो त्यांच्या मांडीवर होता आणि ते अंगठ्याने काच पुसत होते.

"मले आता दिसत नाही व. तू पाय. हासून राहिली ना ते?"

मी वाकून पाहिलं. चेहऱ्याच्या जागी एक उजळ ठिपका होता.

"हासून राहिली, काकाजी," मी म्हटलं.