पोरीकडचा देव

वडिलांची तेरवी आटोपली, जेवणावळीची भांडी अजून अंगणात पालथी पडली होती, तेवढ्यात माझा चुलतभाऊ देव न्यायला आला. कामठीच्या आमच्या भाड्याच्या घरात देव म्हणजे चांदीचे टाक. कुलदैवतांच्या प्रतिमा ठोकलेले बोटभर पत्रे, पुसून पुसून नाकडोळे झिजलेले. वडिलांना मुलगा नव्हता, मी एकटी. तेव्हा देव पुतण्याकडे जाणार हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की मला कोणी विचारलंसुद्धा नाही. वडिलांचे दवाखाने, त्यांची लघवीची भांडी, रात्रीची जागरणं हे सगळं पोरीकडे आणि देव पुतण्याकडे. वाटणी अगदी चोख झाली होती.

आईनं स्वतः टाक चिंचेनं घासले, पुसले आणि लाल कापडात गुंडाळले. मी ओट्याशी उभी राहून बघत होते. शेवटी राहवलं नाही.

"तूच तं रोज आंघोळ घातली यायले," मी म्हटलं. "तुह्याकडंच राहू दे ना."

"पोरीच्या घरी देव नाही राहात, बाई," ती मान वर न करता म्हणाली. "ते त्याचेच आहेत."

चुलतभाऊ वहिनीला म्हणाला, "समोर घेऊन बस, मागं सामान आहे." असे आमचे देव गाडीत पुढच्या सीटवर बसून मनीषनगरला त्याच्या घरी गेले. काही दिवसांनी आई माझ्या स्कूटीवर मागे बसून माझ्याकडे नंदनवनला राहायला आली.

माझ्या घरात देवघर नव्हतं. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी हातात पळी-पंचपात्र देऊन सांगितलं होतं की आता आमचे देव तुझे. घटस्फोट झाल्यावर त्याच सासूबाईंनी माझ्या पेट्या उघडून पाहिल्या, एखादा देव माझ्याबरोबर निघाला तर नाही ना म्हणून. तेव्हापासून मी देवांच्या भानगडीत पडले नव्हते. सरकारी कार्यालयातली नोकरी, दोन खोल्यांचा फ्लॅट, रविवारी झोप. माझं काही अडत नव्हतं.

अडलं आईचं. देवाला आंघोळ घातल्याशिवाय तिनं जन्मात तोंडात घास घेतला नव्हता. सकाळी ती न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून, तांब्या भरून स्वयंपाकघरात यायची आणि थबकायची. पाणी घालायचं कोणावर? मग तो तांब्या ती बेसिनमध्ये रिकामा करायची आणि खुर्चीवर बसून राहायची. तिला मधुमेहाची गोळी पोटात काही असल्याशिवाय देता येत नव्हती. मी पोळीचं ताट समोर ठेवून ऑफिसात जायचे आणि संध्याकाळी यायचे तेव्हा पोळ्या तशाच वाळलेल्या. मी चिडायचे, ओरडायचे. बाजारातून गणपती आणून देते म्हटलं तर म्हणाली, "इकत आनलेला देव आपला कसा होईन वं?" एकदा भर दुपारी तिला घेरी आली आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाईनं साखर चारून शुद्धीवर आणलं. त्या दिवशी मला आईचा, चुलतभावाचा आणि त्या टाकांचा सारखाच राग आला.

त्या आठवड्यात मी मोबाईलवर काहीबाही बघत पडले होते, तर परदेशातल्या एका बाईचा व्हिडिओ समोर आला. तिनं खिडकीशी एका फळीवर नदीतला गोटा, पीस, शिंपले, मेणबत्ती असं मांडलं होतं आणि सांगत होती की हे माझं स्वतःचं देवघर, इथे देव कोणता हे मी ठरवते. मला आधी हसू आलं. बाईचं बरं होतं. तिला पुतण्या नव्हता, सासू नव्हती आणि तुझ्यामागे हे सगळं कोणाकडे जाणार असं विचारणारंही कोणी नव्हतं. पण मग आठवलं की हे आम्हाला कोणी परदेशातून शिकवायला नको. आईच्या माहेरी, कन्हान नदीच्या पलीकडे, शिवेवर कडुनिंबाखाली माता माय होती. देवी म्हणजे शेंदूर फासलेले गोटे, ओळीनं मांडलेले. तिथे ना भटजी, ना मंत्र. बायकाच जायच्या, बायकाच शेंदूर लावायच्या, आणि जिला वाटेल तिनं नदीतून एक गोटा आणून त्या ओळीत ठेवायचा. हे आईनंच मला लहानपणी सांगितलेलं.

तेव्हा आपल्याला हवं ते सापडलं असं मला वाटलं. पुतण्याकडे न जाणारा देव. आणि खरं सांगायचं तर मला आईच्या पोळीइतकंच आणखी एक काहीतरी हवं होतं. आईनं एकदा तोंडानं म्हणावं, हा देव माझ्या पोरीनं दिला. बाकी मला देवाकडून काहीही नको होतं.

रविवारी मी कामठीच्या ऑटोत बसले. आईचे गुडघे चालत नव्हते, त्यामुळे एकटीच गेले. कन्हानच्या काठावर उन्हात बरीच फिरले. तळहाताएवढा, खाली सपाट म्हणजे नीट उभा राहील असा एक काळसर गोटा मिळाला. तो ओढणीत बांधून मांडीवर घेऊन परत येताना ऑटोत शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "काय आहे वं?" मी म्हटलं, "दगड." तिला ते खोटं वाटलं असावं, कारण ती गाठोड्याचा वास घेतल्यासारखी वाकली.

इतवारीच्या बाजारात शेंदूर घेतला, तिळाचं तेल घेतलं आणि देवाला लावायचे चांदीचे डोळे घेतले. दुकानदार म्हणाला, "मारुतीले पाह्यजे का?" मी नुसती मान हलवली. घरी ओट्याच्या कोपऱ्यातला मिक्सर फ्रिजवर चढवला, तिथे पाट ठेवला, पाटावर गोटा. शेंदूर तेलात कालवला तर तो इतका पातळ झाला की गोट्यावरून ओघळून पाटावर सांडला. पुन्हा कालवला. माझे हात कोपरापर्यंत केशरी झाले. आई दारात खुर्ची टाकून हे सगळं बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की आता ही म्हणणार, पोरी, कशाला हा खेळ मांडला?

मी मेण लावून डोळे चिकटवले आणि मागे सरकले.

"डावा डोळा वर गेला," आई म्हणाली.

मी तो काढून पुन्हा लावला. आता उजवा खाली वाटायला लागला.

"सरक तिकडं," म्हणत आई उठली. गुडघ्यावर हात देत ओट्यापाशी आली, दोन्ही डोळे काढले, अंगठ्यानं मेण मळलं आणि एका दमात असे बसवले की त्या दगडाला एकदम चेहराच आला. जरा रागीट, जरा थकलेला. आई थोडा वेळ बघत राहिली. मग तांब्या भरून आणला आणि त्या गोट्याच्या पुढ्यात पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं, डोळे मिटले. पूजा झाल्यावर ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "पोळी आहे का?"

मला इतका आनंद झाला की हातही न धुता मी पोळी वाढली. ताटात शेंदूर पडला तो पडलाच.

त्यानंतरचे महिने आई खरंच सुधारली. सकाळी माता मायला पाणी, मग पोळी, मग गोळी. अधूनमधून शेंदराचा नवा लेप, त्याला तेल किती हे मला अजूनही जमत नाही म्हणून ती माझ्या हातून वाटी काढून घ्यायची. मी ऑफिसात कधी नव्हे ती हसतमुख असायचे. स्वतःचीच पाठ थोपटून घेत होते म्हणा ना.

एका संध्याकाळी जिना चढून आले तर दार उघडं होतं. आत समोरच्या फ्लॅटमधली बाई आईजवळ बसली होती. चपला काढता काढता ऐकलं.

"मोठी तेजवान दिसते वं तुमची माता माय," ती बाई म्हणाली. "कोनी आनली?"

"आमच्या गावची आहे," आई म्हणाली. "माह्या पुतण्यानं आनून देल्ली."

मी दारातच उभी राहिले. ती बाई गेल्यावर आईला सरळ विचारलं, "काहून खोटं बोलली तू?"

ती गडबडली नाही. लसूण सोलत होती, सोलतच राहिली. "पोरीच्या घरी राहून राहिली म्हनून लोक आधीच तोंडावर हात ठेवतात. आता देवही पोरीनंच देल्ला म्हनू का?"

"मंग? देल्ला नाही का मी?"

"देल्ला ना. मी कुठं नाही म्हनते? पन लोकायले काय सांगाचं, ते मले ठरवू दे."

मी त्या रात्री जेवले नाही. आई जेवली. उन्हातान्हात गोटा मी शोधायचा, हात मी रंगवायचे आणि नाव त्याचं, ज्यानं वर्षभरात एकदा फोन करून काकू कशा आहात एवढंही विचारलं नव्हतं. पण ती खाते आहे ना, असं स्वतःला समजावत मी गप्प बसले.

दसरा जवळ आला तसं आईच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. माझ्यामागं या माता मायचं कोण करणार, असं ती म्हणू लागली. मी म्हटलं, मी आहे ना. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही लहान पोरानं मी विमान चालवतो म्हटलं. मग माझ्याच फोनवरून तिनं चुलतभावाला बोलावून घेतलं. तो आला, वहिनीही आली. आईनं मला पुरणपोळी करायला लावली. चहापाणी झाल्यावर ती त्याला हाताला धरून ओट्यापाशी घेऊन गेली.

"बाबू, हिले आपल्या टाकायसंगं ने," ती म्हणाली. "मी हाय तोवर इथं राहू दे, मंग तुह्या घरी."

चुलतभाऊ जरा वाकून बघत राहिला. मग त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं डोळ्यांनीच नको म्हटलं.

"काकू, ही माता माय आहे," तो म्हणाला. "हिचं कडक राहते. कोंबडं-बकरं लागते हिले. आपल्या टाकायसंगं कशी बसन?"

"मी तं पोळीच दाखवते. काही नाही म्हनत ती."

"आन् तसंही," वहिनी म्हणाली, "टाक आम्ही कपाटातच ठेवतो काकू. संगमरवराचं मंदिर बनवलं ना, त्यात ते काळे पडलेले बरे नाही दिसत. नवरात्रात काढतो बाहेर."

आईनं ओट्याचा काठ घट्ट धरला. चुलतभावाला अवघडल्यासारखं झालं असावं, कारण त्यानं विषय बदलल्यासारखं विचारलं, "आनली कोनी पन ही?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, ती मला कळली आणि तरी मी म्हटलं, "मी."

"मंग तं प्रश्नच नाही," तो मोकळं हसला. "ताईची आहे तं ताईकडंच राहीन ना." पुरणपोळीचा डबा घेऊन दोघं गेली. जाताना आईच्या पाया पडायला विसरली नाहीत.

मला वाटलं होतं, आता तरी आईचे डोळे उघडतील. ज्याच्यासाठी स्वतःच्या हातानं टाक घासून दिले त्यानं ते कपाटात कोंबले, हे ऐकून ती निदान एकदा तरी चिडेल, त्याला नाही तर नशिबाला शिव्या देईल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन ती थेट खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "पोळी दे." मी म्हटलं, "माता मायले पाणी?" ती म्हणाली, "तू घाल. तुहं आहे ते."

आता रोज मीच घालते. शेंदूर लावलेला देव तसाच टाकून देता येत नाही, एवढं आईच्या पोटी जन्मून मलाही कळतं. लेप पातळ होतो, ओघळतो. डावा डोळा परत वर सरकला आहे. आई खुर्चीवरून बघते, पण काही म्हणत नाही आणि उठतही नाही. ती आता कोणत्याच देवासाठी थांबत नाही. पोळी वेळेवर खाते, गोळी वेळेवर घेते, डॉक्टरांनी मागच्या खेपेला माझं कौतुक केलं.

परवा समोरची बाई पेढे द्यायला आली. ओट्याकडे वळून तिनं हात जोडले आणि म्हणाली, "तुमची माता माय पावली बरं, आजी. माह्या पोरीचं लग्न जुळलं."

"माहं नाही वं ते," आई म्हणाली. "आमचे देव पुतण्याकडं आहेत. हे या पोरीचं आहे. तिनंच आनलं, नदीतून."

हेच मला ऐकायचं होतं. शब्द न् शब्द हाच. मी बाईच्या कपाळाला कुंकू लावत होते, ते नीट लागलंही नाही. आई पुतण्याचं नाव सांगत होती तेव्हा खोटं बोलत होती, पण तेव्हा ती दगडापुढे हात जोडून माता माय म्हणत होती, आमची म्हणत होती. आता ती अगदी खरं बोलली होती, आणि माता मायला 'ते' म्हणाली.