उत्तर भिंतीवरचा वसुदेव

अमेरिकेत, एडिसनच्या आमच्या गल्लीत एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं. तिथून मी एका जुन्या छापील चित्राची फ्रेम उचलून आणली. बायकोनं ती दारातच अडवली. "हे गॅरेजमध्ये लागेल."

ते लागलं हॉलमध्येच, कारण विकणाऱ्यानं सांगितलेली त्याची कथा मला फार आवडली. इंग्लंडमधल्या एका खेड्यात, चर्चच्या उत्तर भिंतीवर मध्ययुगात कुणीतरी एक संत रंगवला. पुढे धर्माचं वारं फिरलं, चित्रं नकोशी झाली आणि संतावर चुना फासला गेला. काही शतकांनी दुरुस्तीत चुना निघाला, संत बाहेर आला. एका हौशी माणसानं घाईघाईनं त्याची नक्कल करून ती छापली, हातानं रंगवली. मग लोकांनी ती भिंतच पाडली. आता तो संत फक्त कागदावर उरला आहे.

संत म्हणजे एक धिप्पाड दाढीवाला. हातात काठी, खांद्यावर बाळ, नदी ओलांडतोय.

बरोबर! तुम्हाला जे वाटलं तेच आमच्या मराठी मंडळातल्या काकूंना वाटलं. या काकू म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं लोकांना झोपवलं, आता कुणाला स्वस्थ बसू देत नाहीत.

"अगंबाई, वसुदेव! पण टोपली कुठंय रे?"

मी मंडळाचा कायमचा सूत्रसंचालक. समोर श्रोता दिसला की जीभ सुटते. "काकू, ही फार जुनी पद्धत. यात कृष्ण खांद्यावर."

"आणि बाळाच्या हातात काय आहे?"

त्याच्या हातात पृथ्वीचा गोल होता. "लोण्याचा गोळा," मी म्हणालो. पायाशी वळवळणारा लांबडा मासा होता, त्याला मी शेषनाग करून टाकला. खालची छापील ओळ फ्रेमच्या पुठ्ठ्यात झाकलेली होती, त्यामुळे माझं रान मोकळं होतं. महिन्याभरात लोक आमच्याकडे वसुदेव बघायला येऊ लागले. बायको म्हणायची, "सांगून टाक. अंगाशी येईल." पण मला मजा येत होती.

तेवढ्यात इथल्या कॉलेजच्या लायब्ररीनं नाहीशा झालेल्या भित्तिचित्रांच्या छापांचं प्रदर्शन ठरवलं. मी फोटो पाठवला. तिथल्या बाईंचं उत्तर आलं: या छापाची दुसरी प्रत आम्हाला मिळालेली नाही, कागद निर्दोष असेल तर हेच मधोमध लावू, खाली तुमच्या नावाची पाटी. ते मी चार वेळा वाचलं. वीस वर्षं माइकवर दुसऱ्यांची नावं पुकारली होती. आता माझं नाव भिंतीवर लागणार होतं!

बाई शनिवारी तीनला बघायला येणार होत्या. फ्रेममधून काढून ठेवा, म्हणाल्या होत्या. त्याच शनिवारी आमच्याकडे मंडळाची गोकुळाष्टमी होती. आमच्याकडे सण सोयीच्या शनिवारी येतात, आणि मुलांचे सॉकरचे क्लास सांभाळायचे म्हणून कृष्णही दुपारी बारालाच जन्मतो. सकाळी मी छाप फ्रेममधून काढून अभ्यासिकेतल्या टेबलावर ठेवला आणि खुर्च्या मांडायला गेलो.

बाराला माइक हातात घेऊन वळलो तर वसुदेव पाळण्याला टेकून उभा! कपाळावर ओलं कुंकू, पायाशी तुळस, दाढीवरून पंचामृताचा ओघळ.

"नुसता टेबलावर पडला होता बिचारा," काकू म्हणाल्या. "म्हटलं, आज त्याचाच तर दिवस."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मंडळाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाई बरोबर तीनला आल्या. पाहुणे पांगले होते, काकू मात्र सुंठवड्याचा डबा घेऊन बसल्या होत्या. मी कागद टिपून वाळवला होता. बाईंनी भिंग काढलं आणि कपाळापाशी थांबल्या.

"हा तांबडा रंग मूळचा, की नंतरचा?"

मूळचा म्हणायला मी श्वास घेतला. खोटं सांगायचा सराव होताच. तेवढ्यात काकू उत्साहानं पुढे सरसावल्या. "नो, नो! दॅट इज मी. टुडे ओन्ली!"

बाईंनी भिंग पिशवीत ठेवलं. अतिशय सभ्यपणे सांगितलं की ओल उतरली आहे, रंग फुटला आहे, हा कागद प्रदर्शनात लावता येणार नाही. सुंठवडा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

त्या गेल्यावर बायकोनं दार लावलं आणि काकूंकडे बोट केलं. शेवटी मी काकूंना खरं काय ते सांगितलं. संत कोण, गोळा कसला, मासा कुठला, आणि माझ्या नावाची पाटी कशी गेली.

"म्हणजे महिनाभर मला बनवत होतास?"

"हो."

"वर सगळ्यांना मी फोन करकरून सांगितलं!" काकूंनी चष्मा लावून पहिल्यांदाच खालची ओळ वाचली. मग बायकोकडे वळल्या. "फ्रेम आण गं ती. हे हॉलमध्ये नाही लावायचं आता. देवघरात."

"काकू, अहो तो—"

"कळलं मला तो कोण ते. पण मी त्याला कुंकू लावलंय, नैवेद्य दाखवलाय. आता त्याला गॅरेजमध्ये नाही टाकता यायचं. रोज फूल तू घालायचंस, आंघोळ करून. आणि सगळ्यांना फोनही तूच करायचेस."

पहिला फोन त्यांनीच लावून माझ्या हातात दिला.