युजीनच्या खोलीतला नंबर

काँप्युटर चालू होता, तारा जागच्या जागी होत्या, राउटरचे सगळे दिवे हिरवे होते, आणि तरीही पडद्यावर तेच वाक्य येत होतं: या नावाचा पत्ता सापडला नाही. आशालताबाईंनी ते सकाळपासून इतक्यांदा वाचलं होतं की आता त्यांना त्या वाक्याचा स्वभाव कळला होता. ते आवाज चढवत नव्हतं, कारण सांगत नव्हतं. खिडकीमागच्या एखाद्या कारकुनासारखं मान वर न करता एकच उत्तर देत होतं.

बँकेचं नाव घातलं, सापडलं नाही. वर्तमानपत्राचं घातलं, सापडलं नाही. ज्याच्याकडे म्हणे जगातल्या सगळ्यांचे पत्ते असतात, त्या शोधयंत्राचंही नाव सापडलं नाही. म्हणजे काल रात्रीतून सगळं जग घर बदलून गेलं आणि उमेळे गावातल्या एका बाईला कळवायचं तेवढं राहून गेलं.

एरवी त्यांनी काँप्युटर बंद करून कुकर लावला असता. पण आजचा प्रश्न नेटचा नव्हता, राहत्या घराचा होता.

या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहत. इमारत उभी आहे ती त्यांच्या सासऱ्यांच्या वाडीच्या जागेवर. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली केळीचा एक पट्टा अजून उरला आहे, त्यालाही आता कुंपण पडलं आहे. नवरा, शांताराम, गेल्यापासून मुलगी क्षितिजा त्यांना नाशिकला बोलवत होती. त्या जात नव्हत्या. मग मागच्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरला, घोटा सुजला, काही दिवस खाटेवर काढावे लागले, आणि हे त्यांनी मुलीला बरं झाल्यावर सांगितलं. त्यावरून मोठं भांडण झालं. भांडणातून करार निघाला: रोज सकाळी चहाच्या वेळी आईनं काँप्युटरवर तोंड दाखवायचं. साधा फोन चालणार नाही. आशालताबाईंनी उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. अंगात ताप असो की घरात मयत, हेडफोन कानाला लावला की त्यांचा आवाज इस्त्री केल्यासारखा निघे. क्षितिजा म्हणे, आई, तुझ्या आवाजावर माझा काडीचा विश्वास नाही, मला चेहरा दिसला पाहिजे.

आणि एक अट. ज्या दिवशी एवढंही एकटीनं जमणार नाही, त्या दिवशी फ्लॅट विकून नाशिकला यायचं. ही अट आशालताबाईंनी स्वतःच रागाच्या भरात घातली होती. क्षितिजानं ती लगेच उचलली आणि नीट जपून ठेवली.

आज सकाळी पडद्यावर ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी बटणांच्या फोनवरून मुलीला सांगितलं की वीज गेली आहे.

क्षितिजा म्हणाली, "इमारतीच्या ग्रुपवर तर कोणी काही बोललं नाही."

"लोकांना दुसरी कामं असतात."

"आणि तुझ्या मागे मिक्सर कोणाचा वाजतोय?"

"शेजारचा."

हे बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. मग क्षितिजा शांतपणे म्हणाली की संध्याकाळपर्यंत दिसलीस तर ठीक, नाहीतर रविवारी दलालाला त्या बोरिवलीच्या गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवायला घेऊन यायला सांगते. मीही येते.

तेव्हापासून हे चाललं होतं. नेटच्या कंपनीला फोन केला, तर तिकडच्या मुलीनं राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा केला. तिसऱ्यांदा सांगितल्यावर आशालताबाईंनी विचारलं की याने कोणाचंही कधी काही बरं झालंय का, तर ती मुलगी तितक्याच गोड आवाजात म्हणाली की माणूस पाठवते. हा गोडवा त्यांच्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं त्यांनी तोच विकला होता.

जेवण होऊन गेल्यावर माणूस आला. लाइनमन सॅमी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, चपला दाराबाहेर काढून. त्याने राउटरमधली तार काढून आपल्या लॅपटॉपला लावली आणि क्षणात क्रिकेटचा सामना सुरू केला.

"हे बघा काकी, धावतंय."

"माझ्यात धावत नाही."

"मग तुमचा पीसी."

"त्याला काय झालंय?"

"वय," सॅमी म्हणाला.

त्यांनी त्याला म्हटलं, खुर्चीवर बस आणि आत काय ते बघ. पण कस्टमरच्या काँप्युटरला हात लावायचा नाही असा कंपनीचा नियम होता. आमची लाइन ओके आहे, एवढंच तो सांगू शकत होता. जाताना त्यानं सल्ला मात्र दिला. हल्ली या वयात कशाला डोक्याला ताप, मुलीकडे जाऊन राहा ना. आशालताबाईंनी दार लावलं, जरा जोरात.

मग त्या पडद्यासमोर बसल्या आणि काही न करता नुसत्या बसल्या. एक्स्चेंजमध्येही त्या असंच करायच्या. तक्रार आली की आधी हात मागे घ्यायचे. लाइन मेली आहे का? पलीकडचा उचलत नाही का? की नंबरच मिळत नाही? तिन्हींत गिऱ्हाईक एकच बोंब मारतं, फोन लागत नाही. पण तिन्ही रोग वेगळे.

नेट त्यांना युजीननं समजावून सांगितलं होतं. युजीन शांतारामचा मित्र. उमेळ्यात आधी केबल टीव्ही त्यानं आणला आणि नंतर नेटही, स्वतःच्या घरामागच्या एका खोलीतून. तो म्हणायचा, वहिनी, हे तुमचं एक्स्चेंजच आहे. तुम्ही नाव घालता, पण जोडणी नंबरानेच होते. मधे कोणीतरी डिरेक्टरी उघडून बसलेलं असतं, ते नाव ऐकून नंबर सांगतं. त्यानं त्यांना काँप्युटरला थेट हुकूम लिहायची काळी खिडकी उघडायलाही शिकवली होती, आणि पाठ करायला एक दूरचा नंबर दिला होता. त्याला हाक मारली की तो ओ देतो, म्हणजे लाइन जिवंत आहे.

त्यांनी काळी खिडकी उघडली आणि तो नंबर मारला. लागलीच ओ आली. एकामागून एक, चार वेळा. मग नंबराऐवजी नाव मारलं. बराच वेळ काही नाही, आणि मग तेच कारकुनी वाक्य, या वेळी पांढऱ्या अक्षरात.

म्हणजे तार ठीक होती आणि जगही जागेवर होतं. डिरेक्टरी घेऊन बसलेलं माणूस तेवढं उठून गेलं होतं.

कोण होतं ते माणूस? सेटिंगमध्ये शिरायला अर्धा तास गेला, कारण दर काही महिन्यांनी काँप्युटर आपणहून सुधारतो आणि सुधारताना घरातलं सगळं सामान इकडचं तिकडे करून ठेवतो. शेवटी सापडलं. दोन गोल होते. एकापुढे लिहिलं होतं की हा नंबर आपोआप मिळवा. दुसऱ्यापुढे, की खाली लिहिलेला नंबर वापरा. टिंब दुसऱ्या गोलात होतं आणि खाली नंबर होता. तो त्यांनीच घातला होता.

मग आठवलं. युजीन म्हणाला होता, राहू द्या आपोआप, सगळ्यांचं तसंच आहे. त्या ऐकेनात. उभ्या नोकरीत त्यांचं एकच मत झालं होतं, आपोआप चालणारी वस्तू बिघडली की चूक कोणाची हे कधी कळत नाही. मला नंबर दे, मी हाताने घालते. युजीन हसला. म्हणाला, मग माझ्या खोलीतल्या डिरेक्टरीच्या पेटीचा घाला, ती तुम्हाला नाही म्हणणार नाही.

युजीनला जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या तारा आणि त्याची गिऱ्हाइकं नव्या कंपनीनं घेतली. ज्यांचं आपोआप होतं ते सगळे एका दुपारीत तिकडे गेले, त्यांना पत्ताही लागला नाही. मागे राहिल्या त्या एकट्या आशालताबाई. दोन वर्षं त्या मेलेल्या माणसाच्या खोलीत जगाची नावं विचारत होत्या, आणि उत्तरं येत होती.

शहाण्या बाईनं तिथल्या तिथे टिंब हलवलं असतं. पण बिघाड कुठे झाला हे कळल्याशिवाय त्यांनी कधी तक्रार बंद केली नव्हती. त्यांनी पायात चपला घातल्या आणि युजीनच्या घरी निघाल्या.

घर दोन गल्ल्या सोडून होतं, क्रूसाच्या पलीकडे. युजीनची बायको प्रिस्का ओट्यावर बसून जुन्या तारांचं भेंडोळं सोडवत होती. मागच्या खोलीला नवा चुना लागला होता. ओट्याच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेली, एक काळी पेटी होती.

आशालताबाईंनी बसायच्या आधीच विचारलं. "ही आज बंद केलीस?"

"सकाळीच. खोलीत भाडेकरू येतायत, वहिनी."

"कोणाला विचारलंस?"

"कंपनीवाल्यांना विचारलं ना. म्हणाले, खुशाल काढा, त्याच्यावर आता कोणी नाही."

"मी होते," आशालताबाई म्हणाल्या.

प्रिस्काच्या हातातली तार थांबली. आशालताबाईंनी टिंबापासून सगळं सांगितलं. मग प्रिस्का म्हणाली की पेटीवर एक बारीक दिवा होता. दिवसभर बहुतेक गप. पण रोज सकाळी, चहाच्या वेळी, लुकलुकायला लागायचा. युजीन गेल्यानंतरही. कशामुळे ते तिला कळत नव्हतं आणि तिनं कोणाला विचारलंही नाही. कितीदा ती पेटी काढायला गेली आणि तो दिवा बघून परत आली. मागच्या पावसात काही दिवस तो लागलाच नाही, तेव्हा ती रोज दारात उभी राहून बघायची.

"तेव्हा माझा पाय सुजला होता. खाटेवर होते."

"म्हणजे तो दिवा तुम्ही?"

"मी. सकाळी पेपर वाचायचे. नंतर क्षितिजाशी बोलायला लागले."

प्रिस्काला रडू येतंय असं वाटत असतानाच ती चिडली. "दोन वर्षं, वहिनी. दोन वर्षं मला वाटतंय की माझा नवरा काहीतरी सांगतोय. आणि तो तुमचा पेपर?"

आशालताबाई म्हणाल्या की रविवारी पुरवणी असायची, तेव्हा जास्त वेळ लागत असेल. प्रिस्का म्हणाली, हो, रविवारी जास्त लागायचा, आणि डोळे पुसून हसायला लागली.

पेटी स्वयंपाकघरात ठेवून पुन्हा लावते, असं ती म्हणाली. आशालताबाईंना क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. पण त्यांनी मान हलवली. माझ्याकडे दुसरा मार्ग आहे, म्हणाल्या, मीच तो बंद करून बसले होते.

"मग उद्यापासून मला कळायचं कसं?"

"काय?"

"तुम्ही उठलात ते."

"दिवा कशाला बघायला पाहिजे?" आशालताबाई जवळजवळ ओरडल्याच. "दोन गल्ल्यांवर राहतेस. येऊन बघ. चहा तरी मिळेल."

घरी आल्यावर त्यांनी टिंब वरच्या गोलात नेलं. बँक उघडली. पेपर उघडला. एवढंच करायचं होतं याचाच त्यांना दिवसभरातला सगळ्यात मोठा संताप आला.

क्षितिजाचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा तिकडे दिवे लागले होते. वीज कधी आली, तिनं विचारलं, ओठ दाबून. आशालताबाईंनी सांगितलं की वीज गेलीच नव्हती. मग सगळंच सांगितलं, नंबरापासून दिव्यापर्यंत. उद्यापासून प्रिस्का रोज सकाळी चहाला येणार, हेही सांगितलं.

"म्हणजे एकटीनं नाहीच जमलं," क्षितिजा म्हणाली.

"नाही जमलं. आधीही जमत नव्हतं. मला वाटत होतं तेवढंच."

"मग दलालाला काय सांगू?"

"सांग, घर रिकामं नाही."

क्षितिजानं कपाळाला हात लावला. तू आणि तुझे नंबर, असं काहीतरी ती पुटपुटली. मग म्हणाली की रजा टाकली आहे, रविवारी मी येणारच.

"ये," आशालताबाई म्हणाल्या. "दलालाला आणू नकोस. द्राक्षं आण."