रुजू व्हायचं राहिलं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "शोभाताई, तुमचे दादा गेले," त्या म्हणाल्या. पहाटे, झोपेतच. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. पानं एकीकडे, देठ एकीकडे. मग साडी बदलली. सहा आठवडे झाले, मला रडू काही आलेलं नाही. दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, सख्खी बहीण आणि डोळ्याला पाणी नाही म्हणून. बघू देत. माझ्याच्यानं होत नाही तर काय करू?

आमच्या घराला छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज रेल्वे, पिढ्यांपासून चिकटलेली. आजोबा तिच्या कारखान्यात लोहार, बाबा उमरेड स्टेशनात पॉइंटमन. एकेरी रूळ, त्यामुळे पुढच्या स्टेशननं परवानगी दिल्याशिवाय गाडी सुटायची नाही. परवानगीची खूण म्हणजे एक लोखंडी गोळा. पुढचं स्टेशन हो म्हणालं की तो यंत्रातून बाहेर पडायचा, बाबा तो घेऊन इंजिनाशी जायचे आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. मग गाडी. एकदा एक ड्रायव्हर घाईत गोळा न घेताच निघाला, तर बाबा रुळावर जाऊन उभे राहिले होते. जेवायला बसलं की ही गोष्ट निघायचीच... आणि तिचा शेवटही ठरलेला. "जाऊ दिलं असतं तं सस्पेंड झालो असतो." आमच्याकडे सस्पेंड हा शब्द शिवीपेक्षा वाईट होता. बाबांनी सगळी नोकरी त्या एका शब्दाच्या धाकात काढली.

दादा उमरेडजवळच्या कोळसा खाणीत फिटर होता. रिटायर होऊन नागपुरात राहायला आला, आणि पुढे छोटी लाईन बंद झाली, मोठी टाकायला घेतली. काही महिन्यांनी तो मला गच्चीवरच्या खोलीत घेऊन गेला. दोन जुने दरवाजे आडवे टाकून त्यांच्यावर नागपूरचं इतवारी स्टेशन ते उमरेड अशी सगळी लाईन मांडलेली. छत्रीच्या काड्यांचे रूळ, तुपाच्या डब्याच्या पत्र्याची दोन इंजिनं, प्रत्येकात टेपरेकॉर्डरची मोटर. वाघिणींत खरा कोळसा, तोही वहिनींच्या पाट्यावर बारीक केलेला. वहिनींनी पंधरा दिवस त्या पाट्याला हात लावला नाही. "लोकं नातू खेळवतात, हे इंजिन खेळवून राहिले," असं येईल त्याला सांगायच्या.

गोळ्याच्या जागी दादानं बेअरिंगचा छर्रा वापरला होता. तो इंजिनामागच्या वाटीत ठेवला की करंट जुळायचा आणि गाडी हलायची. पण छर्रा ज्या डबीत असायचा ती डबी, दुसऱ्या टोकाला कुणी बटण दाबून धरल्याशिवाय उघडायची नाही. एकट्याला गाडी चालवताच यायची नाही. "असं काहून केलं गा?" मी विचारलं. "एकट्यानं चालवली तं ते खेळणं झालं," तो म्हणाला. तो इतवारीला, मी उमरेडला. चार वर्षं, दर रविवारी दुपारी.

यंदा उन्हाळा लागतानाची गोष्ट. त्याची रिकामी मालगाडी माझ्याकडे यायला निघाली होती, पुलावर तिचं चाक अडकलं म्हणून तो वाकून बघत बसला होता. मला कंटाळा आला. पर्समध्ये मी मागेच एक जादा छर्रा लपवून ठेवला होता, गंमत म्हणून. न विचारता तो वाटीत टाकला आणि माझी गाडी सोडली. हसत हसत. दोन्ही इंजिनं एकमेकांवर चढली आणि माझं खाली फरशीवर आपटलं. दादा ओरडला नाही. तुकडे उचलले, गाड्यांचं रजिस्टर ओढलं आणि लिहिता लिहिता म्हणाला, "आठ दिवस सस्पेंड. मंग माझ्यापुढं सही करायची आन् रुजू व्हायचं."

"मले?"

"उमरेडले तूच होती ना."

साठी ओलांडलेली बाई मी. दुसरा कुठलाही शब्द चालला असता. चप्पल घातली आणि चहा न घेता निघाले.

आठव्या दिवशी त्याचा फोन. "शोभे, मुदत संपली. ये ना वं सही कराले."

"आधी माफी माग."

"माफी कशाची? नियम आहे तो."

"मंग नियमासोबतच खेळ."

तरी दर रविवारी फोन यायचा. मी कधी गुडघ्याचं सांगितलं, कधी पाहुण्यांचं. गुडघे ठणठणीत होते. शेवटच्या रविवारी म्हणाला, "तुयं इंजिन दुरुस्त झालं. उमरेडले उभं आहे." मी म्हटलं, बघू. राग केव्हाच उतरला होता, तोरा तेवढा उरला होता. पुढच्या रविवारी जायचंच असं ठरवलं होतं... आता सांगून काय उपयोग? गुरुवारी वहिनींचा फोन आला.

परवा मी दादाच्या घरी गेले. वहिनी म्हणाल्या, वर चला. इतकी वर्षं त्या खोलीत त्या झाडू मारण्यापुरत्याच गेलेल्या. इंजिन उमरेडला उभं होतं, एका बाजूला नवा पत्रा डाक देऊन जोडलेला. वहिनी दादाच्या स्टुलावर बसल्या, इतवारीचं बटण शोधलं आणि दाबून धरलं. माझ्याकडची डबी उघडली. छर्रा तेलाचा हात फिरवून पुसून ठेवलेला होता.

"घ्या न तो," वहिनी म्हणाल्या. "एकडाव चालवा. मी कधी नीट पाह्यलीच नाही."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. रजिस्टर शेजारीच उघडं होतं. माझं नाव, पुढे सहीची कोरी जागा.

"मले नाही सोडता येत, वहिनी. मी सस्पेंड आहे."

"मंग करा ना सही."

"कोणापुढं करू?"

वहिनींनी बटणावरचं बोट काढलं नाही.