बोर्डावरचे पी. आर. जाधव

सकाळचा पहिला चहा व्हायच्या आत हिंगोलीतल्या आमच्या घरापुढे सहा-सात माणसं गोळा झाली होती. पुढे आमच्या शाळेतले शिपाई भगवानराव, मागे दोन शिक्षक, एकाच्या हातात कागदात गुंडाळलेला हार. मी दात घासत बाहेर आलो तसे भगवानराव दोन पावलं मागं सरले. म्हणाले, "सर... तुमी तर हाईत." तेवढ्यात आत फोन वाजला. वसमतहून मेव्हणा रडत होता. बायकोनं फोन माझ्या हातात दिला, "घ्या, तुमीच सांगा त्याला, जिवंत हाय म्हणून." भगवानरावांच्या काखेतला पेपर मी ओढून घेतला. आतल्या पानावर अर्धा कॉलम बातमी होती. पी. आर. जाधव सर यांचे निधन. मिशन कॉलेजच्या ऑनर्सचे मानकरी, हिंगोली येथील मुख्याध्यापक. मुख्याध्यापक मीच होतो, पण ऑनर्सचा मानकरी काही मी नव्हतो. हसावं की रागवावं हे ठरायच्या आत शेवटची ओळ वाचली, मूळ गाव गोरेगावजवळील तांडा... आणि मी ओट्यावर बसलो. आमचा पेमा गेला होता. प्रेमसिंग रूपला जाधव. आठ दिवस कावीळ अंगावर काढली, नांदेडला नेलं, तिथून परत आणला तो असा. त्याही वेळी माझ्या मनात जे पहिलं आलं ते आज दीड महिन्यानंतर लपवत नाही. मनात आलं, आपण गेल्यावर आपल्यावर अर्धा कॉलम छापून येईल का?

हा हेवा नवा नव्हता. नव्वदीच्या सुरुवातीला, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती तेव्हा, मी साखऱ्याहून मिशनच्या कॉलेजात गेलो. लांबचं शहर, दोन गाड्या बदलून जावं लागे. आमच्या घरात दहावीपुढं कुणी गेलेलं नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सोडायला गोरेगावपर्यंत आले आणि जीपमध्ये बसवताना हळूच म्हणाले, "गळ्यात काही घालायला लावतेत का रे तिथं?" मी म्हणालो, न्हाई. त्यांचं समाधान झालं नाही. पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या कारकुनानं माझं ओळखपत्र, फी माफीचा कागद, सगळं दुसऱ्याच पोराच्या हातात दिलं. ते पोरगं मला शोधत वसतिगृहात आलं. काळंसावळं, हसरं, पायात टायरच्या चपला. म्हणालं, "तूबी पी. आर. जाधव का? मग आपल्यातला एक जण फुकट शिकून राहिला." मी प्रभाकर रामजी, तो प्रेमसिंग रूपला. माझं गाव साखरा, त्याचा तांडा गोरेगावाजवळ, मधे चालत दीड तासाचा रस्ता, आणि भेटलो इतक्या लांब. पण आमच्याकडं जाधव म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कोणते जाधव? वसतिगृहात कुणी विचारलं की मी लगेच सांगायचो, तो जाधव वेगळा, तांड्याचा. आमचं काही नातं नाही. पेमा ते ऐकायचा आणि नुसता हसायचा. त्याच्या त्या हसण्याचा मला राग यायचा, कारण वर्गात त्याला जे एकदा ऐकून यायचं ते मला चार वेळा पाठ करून यायचं नाही. इंग्रजी तो बाजारात भाव करावा तसा बोलायचा, चुकला तरी पुढं जायचा. मी बरोबर वाक्य जुळवेपर्यंत तास संपायचा.

ऑनर्स म्हणजे काय ते सांगतो. पहिलं वर्ष संपलं की सगळ्या कॉलेजातून दहा-बारा मुलं निवडायची. त्यांना वेगळी खोली, वाचनालयात स्वतःचं टेबल, जास्तीचे पेपर, आणि शेवटी आपल्या मुलखावर एक मोठा निबंध. आणि बाहेर पडताना नाव व्हरांड्यातल्या सागवानी बोर्डावर, सोनेरी अक्षरांत. तो बोर्ड पाहिला त्या दिवशीच मी ठरवलं होतं की इथं आपलं नाव लागलं पाहिजे. ऑनर्सचं सगळं पाहणारे साळवे सर मुलाखत घेत. मला त्यांनी इतिहासातली एक लढाई विचारली, ती मी घडाघडा सांगितली. पेमाला विचारलं, तुमच्या तांड्यातली माणसं पूर्वी काय करत. तो पाऊण तास आत होता. बाहेर सरांचं हसणं ऐकू येत होतं... त्या हसण्यानंच मला कळायला पाहिजे होतं.

यादी लागली ती इंग्रजीत टाइप केलेली, काचेच्या चौकटीत. सातव्या ओळीवर 'जाधव पी. आर.' मी पुढचं-मागचं काही पाहिलं नाही. धावत पोस्टात गेलो, कार्ड घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिलं, दादा, मी ऑनर्सला निवडलो गेलो. कार्ड पेटीत टाकलं. दुपारी ऑफिसात गेलो तर कारकून म्हणाले, तुम्ही नव्हे हो, तांड्याचे जाधव. वर्षभर ज्याचं नाव मी झटकत होतो तेच नाव दोन-तीन तास मी मिरवलं होतं. दुसरं कार्ड लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत आठवडा गेला, आणि मग घरून पत्र आलं. दादांनी माझं कार्ड गोरेगावच्या बाजारात हॉटेलवाल्याकडून तीनदा वाचून घेतलं होतं. ऑनर्स हा शब्द काही त्यांच्या जिभेवर बसला नाही. ते सगळ्यांना सांगत सुटले, "आमचं पोरगं हानर झालं." गावात पेढे वाटले. साखऱ्यातली म्हातारी माणसं आजही मला हानर म्हणतात. "या हानर, बसा." मी बसतो.

तिसऱ्या वर्षी बोर्डावर नावं लागली. त्या दिवशीच्या समारंभाला दादा येणार होते, पण एसटी वाटेत बंद पडली आणि ते पोचले तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती. देवानंच वाचवलं असं मला वाटलं. पण दादा आले ते थेट व्हरांड्यात. डोक्यावर नवी टोपी, हातात धोतराचा सोगा, बोर्डाखाली उभे. इंग्रजी अक्षर त्यांना एकही येत नव्हतं. शेजारी पेमा उभा होता. त्याचे आई-बाप ऊसतोडीला गेले होते, त्याच्याकडून कुणीच आलं नव्हतं. मी बारा हात लांब खांबाआड थबकलो, पुढं जाववेना. दादांनी बोट वर करून त्याला विचारलं, "बाबा, यात आमच्या परभाचं नाव कोणतं?"

पेमानं माझ्याकडं पाहिलं. मग दादांचं बोट हातात धरून बरोबर त्या ओळीखाली नेलं.

"हे बघा काका. पी. आर. जाधव. बराबर हाय."

दादांनी हात जोडले. बोर्डाला की पेमाला, मला कळलं नाही. संध्याकाळी मी त्याला म्हणालो, काहून खोटं बोललास? तो म्हणाला, "खोटं काय बोललो? लिवलंय तेच वाचलं. माझ्या बापाला ऑनर्स म्हंजे काय ते समजावायला एक साल लागंल. तुझ्या बापाला समजलंय, तर राहू दे की." आभार मानायला पाहिजे होते. मी मानले नाहीत. माझ्याकडं नसलेलं मोठेपण त्याच्याकडं होतं, तेही इतकं सहज की त्याला ते दिसतसुद्धा नव्हतं... बोर्डापेक्षा या गोष्टीचा हेवा मला जास्त वाटला.

पुढची गोष्ट त्याच कारकुनाच्या चुकीची. कॉलेजच्या वहीत ऑनर्सच्या पी. आर. जाधवांचा पत्ता साखऱ्याचा पडला. दरवर्षी उन्हाळ्यात कॉलेजातून एक फॉर्म येतो, ऑनर्सच्या माजी विद्यार्थ्यांनी या वर्षातली कामगिरी कळवावी. पद, पुरस्कार, प्रकाशन, इतर. मग ती कॉलेजच्या वार्षिकात छापून येते. फॉर्म दादांच्या हातात पडायचा. ते ट्रंकेत जपून ठेवायचे आणि मी गेलो की काढून द्यायचे, "लिही बाबा, यंदा काय काय केलंस." मी तो खिशात घालून पेमाकडं तांड्यावर जायचो. तो गोरेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होता. एव्हाना ऑनर्सवाले कुठल्या कुठे गेले होते. एक जण दुसऱ्या राज्यात कलेक्टर, एक मुलगी मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर, एक अमेरिकेत कॉम्प्युटरवर, एक न्यायाधीश. त्यांच्या कामगिरीची पानं मी उभ्या उभ्या वाचून पेमापुढं टाकायचो, टोमण्यानं म्हणायचो, बघ तुझे भाऊबंद. तो एकेक नाव चवीनं वाचायचा आणि खरोखर खूश व्हायचा. मग फॉर्म मांडीवर घेऊन पद, पुरस्कार, प्रकाशन यांपुढं सरळ रेघ मारायचा आणि 'इतर'मध्ये बारीक अक्षरात लिहायला बसायचा. यंदा तांड्यातल्या तीन बायका हिंगोलीच्या स्टँडवर कुणाला न विचारता गाडीची पाटी वाचून बसल्या. यंदा आठवीच्या पोरांनी इन्स्पेक्टरला इंग्रजीत प्रश्न विचारला, त्यांना उत्तर आलं नाही. असलं काहीतरी. आणि साळवे सर वार्षिकात ते कलेक्टरच्याही वर छापायचे! मी तोवर संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापक झालो होतो, हिंगोलीत स्लॅबचं घर बांधलं होतं, आणि माझ्या कामगिरीला छापायला जागाच नव्हती.

ते पेमानं ओळखलं. एका वर्षी त्यानं लिहिता लिहिता विचारलं, "तुझं काय लिवू?"

मी म्हणालो, माझा काय संबंध.

"फारम तुझ्या घरी येतंय. आर्धं तुझं. पी. आर. जाधवाला इचारलंय त्यायनं, दोघंबी पी. आर. जाधव." आणि 'पद' यापुढं त्यानं लिहून टाकलं, हिंगोली येथे मुख्याध्यापक. मी नको म्हणालो, पण हात धरला नाही. वार्षिक आलं. दादांनी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोकडून, सुमनकडून ते वाचून घेतलं. कॉलेजच्या लेखी एकच पी. आर. जाधव हिंगोलीत मुख्याध्यापक होता आणि गोरेगावात आठवीला इंग्रजी शिकवत होता. कुणी म्हणून विचारलं नाही, हा माणूस एवढा पळतो कसा. त्यानंतर दरवर्षी पेमा फॉर्मवर माझ्यासाठी एक ओळ सोडायचा. मी गेलो की म्हणायचा, "हं, तुझी वळ सांग." शाळेला संगणक आले. निकाल चांगला लागला. मी सांगायचो, तो लिहायचा. पेपरवाल्यानं त्याच्या मरणाची बातमी ज्यावरून लिहिली ते हेच वार्षिक. माझं पद त्याच्या निधनात छापलं गेलं ते माझ्याच ओळीमुळं.

पेमा अधूनमधून साखऱ्याला यायचा. हुरड्याच्या दिवसांत दादा पहिलं कणीस त्याच्या हातात द्यायचे, माझ्या नाही. मला ते लागायचं. एकदा मी बोललोही, तर दादा म्हणाले, "तू घरचाच हाईस." पेमा गेल्याचं कळल्यावर माझ्या आधी तेच जीपनं तांड्यावर पोचले होते. मी गेलो तेव्हा ते खाटेवर बसून होते. एवढंच म्हणाले, "वाचून दावणारं पोरगं गेलं." त्यांना काय ठाऊक आहे, काय नाही, हे मला विचारायचा धीर झाला नाही. पंधरा वर्षं झाला नव्हता, तो एका दिवसात कुठून येणार?

म्हणून हे इथं लिहितो. साखऱ्याला पेपरची ही पुरवणी रविवारी दुपारी गोरेगावच्या जीपनं पोचते आणि सुमन ती दादांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवते. सुमन, इथं थांबू नकोस, पुढचं गाळू नकोस. दादा, बोर्डावरचा तो पी. आर. जाधव मी नव्हे, पेमा होता. मी साधा बी.ए. झालो. आपल्या घरातला पहिला झालो, त्याची मला लाज नाही. पण हानर मी कधीच झालो नाही. ते कार्ड चुकून गेलं होतं, दुसरं मी मुद्दाम पाठवलं नाही.

गेल्या आठवड्यात दादांनी ट्रंकेतून यंदाचा फॉर्म काढून दिला. नेहमीसारखंच म्हणाले, लिही बाबा. मी तो घेऊन तांड्यावर गेलो. पेमाची बायको कमलाबाई ओट्यावर ज्वारी निवडत होती. फॉर्म पाहिला तशी आत गेली आणि त्याचं पेन घेऊन आली, टोपण चावलेलं, लिहिताना ते चावायची त्याला खोड होती. मी नावाच्या जागी पहिल्यांदाच पूर्ण लिहिलं, प्रेमसिंग रूपला जाधव. पत्त्यातलं साखरा खोडून तांड्याचं नाव घातलं. आता पुढच्या उन्हाळ्यात दादांच्या हातात काही पडणार नाही, हे खोडताना लक्षात आलं... पण खोडलं. पद, पुरस्कार, प्रकाशन यांपुढं त्याच्यासारखीच रेघ मारली. 'इतर'मध्ये कमलाबाईनं सांगितलं ते लिहिलं. यंदा त्यानं तिला सही शिकवली होती. खाली तिनं ती केली, आडवी-तिडवी, पण एका दमात. मी फॉर्म घडी घालायला घेतला तर तिनं बोट ठेवलं.

"ही वळ मोकळी ऱ्हायली, भावजी. ते म्हनायचे, ही तुमची."

मी टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं. अजून ती ओळ तशीच आहे. फॉर्म माझ्या टेबलावर आहे आणि पेन माझ्या खिशात.