उद्याची फायनल आणि जयूचे बाबा

मंडळी, उद्या आपल्या डहाणूच्या कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉलची फायनल आहे. पहिल्यांदाच इथवर पोचल्यात, आणि समोर मुंबईची टीम. आज ऑफिसात माझं कशात म्हणून लक्ष नव्हतं.

संध्याकाळी शेवटची प्रॅक्टिस बघायला ग्राउंडवर गेले. कॅप्टन जयू पाणी प्यायला आली, तेव्हा मी म्हटलं, "त्या पोरी फार उंच आहेत म्हणे गं."

"असू दे ना ताई. बॉल खाली आला की आमचाच."

तेवढ्यात तिचे बाबा आले. ते घोलवडला वाडीत चिकू काढायला जातात. पोरीनं हाफपँट घालून खेळणं त्यांना पसंत नाही, म्हणून आजवर तिची एकही मॅच त्यांनी पाहिलेली नाही. जयूचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता तिला घरी नेतात की काय.

ते माझ्या शेजारी बसले. "वाडीत सगळे हिचंच नाव घेतात. म्हटलं, बघून यावं."

बराच वेळ बघून त्यांनी हळूच विचारलं, "ताई, त्या जाळीला बूड नाही. मग बॉल टाकून फायदा काय?"

मी गुण कसे मिळतात ते समजावलं. इतक्यात जयूनं पळत येऊन बॉल टाकला.

"म्हणजे दोन झाले," ते म्हणाले, आणि हसले.

निघताना म्हणाले, "उद्या कामाला जात नाही. पाड्यावरच्या बायकांनाही टेम्पोतून आणतो."

आपण जिंकणार असं मला आतून वाटतंय. तरी उद्या माझं अर्धं लक्ष प्रेक्षकांतच असेल.

तुमच्या घरचं कोणी पहिल्यांदा तुमचा खेळ बघायला आलं, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं?